पिशवी काढली, पण आणखी काय काढलं?

(धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या महिला मेळाव्यांत केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. इथे ज्यांची पिशवी काढलेली आहे, त्यांनी हात वर करा. लाजू नका, माझाही हात वर आहे. आता दुसरा प्रश्न. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोष काढले की ठेवले, हे ज्यांना नक्की माहीत आहे, त्यांनीच हात वर ठेवा.

बघा, किती हात खाली आले. मी गावोगावी हे दोन प्रश्न विचारते आणि दरवेळी असंच होतं. आपल्या घरातल्या म्हशीला कोणतं इंजेक्शन दिलं ते आपल्याला ठाऊक असतं. स्वतःच्या पोटातून काय गेलं, ते मात्र ठाऊक नसतं. मलाही तेरा वर्षं ठाऊक नव्हतं.

मी आरोग्य कार्यकर्ती. खेड्यापाड्यांत फिरून बायकांना आरोग्याचं सांगणं हे माझं काम. १९९८ साली मी ३८ वर्षांची होते. अंगावरून पांढरं जायचं, पाळीत रक्तस्राव जास्त व्हायचा, कंबर भरून यायची. एका खाजगी दवाखान्यात गेले. सोनोग्राफी झाली. "पिशवीला सूज आहे. पुढे कॅन्सर होईल. मुलं झालीच आहेत, आता पिशवीचा उपयोग काय?" असं सांगण्यात आलं. कॅन्सर म्हटल्यावर माणूस काय विचारणार? नवऱ्यानं कागदावर सही केली. माझीही सही घेतली, पण कागदावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. शिकलेली असून वाचलं नाही.

सहा महिन्यांनी माझं अंग पेटायला लागलं. रात्री दोन-दोन वेळा लुगडं घामानं भिजायचं. झोप उडाली. विनाकारण रडू यायचं, विनाकारण संताप यायचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, त्यामुळे घरचे म्हणायचे, "ऊन बाधलंय, कांद्याचा रस लाव." पण पौषातल्या थंडीतही मी गोधडी फेकून ओट्यावर येऊन बसायची, तेव्हा कोणाला काही सांगता येईना. मीही मनाशी म्हणायची, वयाचंच असेल. वय होतं ३९.

२०११ साली अंगणात साधा पाय घसरला. हातावर पडले आणि मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी हाडाचा फोटो पाहिला आणि विचारलं, "पाळी कधी गेली?" मी म्हटलं, पिशवी काढलीय. त्या म्हणाल्या, "जुना कागद आणा." ट्रंकेच्या तळाशी तो कागद सापडला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचे दोन्ही बीजकोषही काढलेत. तपासणीत ते निरोगी निघाले होते, असं इथं लिहिलंय."

त्या दिवशी मला कळलं की तेरा वर्षांपूर्वी माझ्या शरीरातलं नेमकं काय बंद पाडलं होतं.

बीजकोषांचं काम काय?

आपली सर्वांची समजूत अशी की बीजकोष म्हणजे बी तयार करण्याची जागा. मुलं झाली की त्यांचं काम संपलं. हे अर्धंच खरं आहे. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे हे दोन अवयव असतात. ते बी तयार करतात आणि त्याबरोबर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकंही तयार करतात. पुरुषांचं म्हणून ओळखलं जाणारं टेस्टोस्टेरॉनही थोडं तिथंच तयार होतं. ही संप्रेरकं रक्तातून सगळ्या शरीरात जातात. हाडं, हृदय, रक्तवाहिन्या, मेंदू, कातडी, लघवीची जागा, योनीमार्ग, या सगळ्यांवर त्यांचा परिणाम असतो.

पाळी आपोआप जाते तेव्हा हे काम हळूहळू, काही वर्षांत कमी होत जातं. आपल्या देशात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे. चाळिशीच्या आत बीजकोषांचं काम थांबलं तर त्याला अकाली म्हणतात. काही जणींचं ते मुळातल्या दोषामुळे थांबतं, काहींचं कॅन्सरच्या औषधांनी किंवा किरणांच्या उपचारानं. आणि दोन्ही बीजकोष काढून टाकले तर ते एका दिवसात थांबतं. शरीराला सवय करून घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून अशा बाईचा त्रास इतरजणींपेक्षा जास्त तीव्र असतो.

आणि डॉक्टरांनी बीजकोष ठेवले तरी सगळं जसंच्या तसं राहतं असं नाही. नुसती पिशवी काढलेल्या बायकांमध्येही बीजकोष इतरजणींपेक्षा काही वर्षं आधी थकतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. पाळी तर आधीच बंद झालेली असते, त्यामुळे ते कधी थकले हे बाईला कळतही नाही.

परिणाम एकेक करून पाहू

पहिली हाडं. हाडात जुनं काढून नवं भरण्याचं काम सतत चालू असतं. इस्ट्रोजेन काढण्याच्या कामाला लगाम घालतं. ते गेलं की काढणं जास्त आणि भरणं कमी होतं. पहिल्या पाच-सात वर्षांत हाड सर्वांत वेगानं झिजतं. दुखत नाही, खुपत नाही, एक दिवस मोडतं. आधी मनगट, मग पाठीचा मणका, म्हातारपणी खुबा. १९४० च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनच्या फुलर अल्ब्राइट या डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे ठिसूळ हाडांच्या ज्या बायका येतात त्या बहुतेक पाळी गेलेल्या आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींचे बीजकोष लहान वयातच काढलेले आहेत. म्हणजे हे ज्ञान काही कालचं नाही. ऐंशी वर्षांहून जुनं आहे.

दुसरं हृदय. आपल्याला वाटतं हार्टअ‍ॅटॅक हा पुरुषांचा रोग. खरं म्हणजे आपल्या देशातही बायकांच्या मृत्यूचं मोठं कारण हृदयविकारच आहे. पाळी चालू असेपर्यंत बाईला त्यापासून थोडं संरक्षण असतं, ते लवकर गेलं की धोकाही लवकर येतो. अमेरिकेत परिचारिकांचा एक मोठा अभ्यास झाला. पिशवी काढलेल्या २९,३८० जणींवर २४ वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. ज्यांचे दोन्ही बीजकोष काढले होते, त्यांना बीजकोषाचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी झाला हे खरं. पण हृदयविकार जास्त झाला आणि एकूण मृत्यूही जास्त झाले. कोणत्याही वयोगटात बीजकोष काढल्यामुळे आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. बीजकोषाचा कॅन्सर वाईट आहे, लवकर सापडत नाही, हे मान्य. पण आपल्याकडे तो आयुष्यभरात शंभरातल्या एकीलाही होत नाही. तेवढ्यासाठी सगळ्यांचेच निरोगी बीजकोष काढायचे का?

तिसरं डोकं आणि मन. झोप जाणं, विसरायला होणं, उदास वाटणं. पाळी जाण्याआधीच दोन्ही बीजकोष काढलेल्या बायकांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसलं, असंही अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. गावात अशा बाईला काय म्हणतात? "डोकं फिरलंय." "बाहेरचं लागलंय." मग भगताकडे नेतात.

चौथी गोष्ट, जी कोणी बोलत नाही. योनीमार्ग कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला पुन्हा पुन्हा जळजळ होते. साक्री तालुक्यातल्या एका गावात एक बाई माझा हात धरून म्हणाली, "बहिन, मनी पिशवी काढी टाकेल शे. राती आंग पेटस. अन नवरा म्हणस, तू आते बाई नही राहिनी." रात्री नवरा जवळ आला की तिला दुखायचं म्हणून ती नाही म्हणायची, आणि नाही म्हटलं म्हणून मार खायची. आता सांगा, हा प्रश्न फक्त दवाखान्याचा आहे का?

मग काढतात का?

जुन्या काळापासून बाईच्या प्रत्येक दुखण्याचं मूळ तिच्या ओटीपोटात शोधायची सवय आहे. १८७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बॅटी नावाच्या डॉक्टरांनी निरोगी बीजकोष काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे पाळीचं दुखणं, फिट, वेडाचे झटके अशा कशावरही तो उपाय म्हणून वापरला गेला.

आपल्याकडचं १९९४ सालही आठवा. त्या वर्षी फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. महाराष्ट्रभरच्या महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. सांभाळणाऱ्याची अडचण बाईच्या शरीरातून कापून काढायची, हे तेव्हा आपण पाहिलं.

२०१९ मध्ये बीडमध्ये तेच वेगळ्या रूपात दिसलं. ऊसतोडणी कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात, अशा बातम्या आल्या. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहांत एक. संपूर्ण देशाचा आकडा २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे: १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत तीन. त्याच पाहणीत असंही दिसलं की यांतल्या दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झाल्या.

हे बीडचं, आपल्याला काय, असं म्हणू नका. चाळीसगाव-पारोळ्याकडून, शिंदखेडा-साक्रीकडून, वर नंदुरबारकडून आपलेही कोयते दर दिवाळीनंतर निघतात. कोणी नगर-पुण्याकडे जातं, कोणी सुरत-बारडोलीकडे. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकलं तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. पालाच्या झोपडीत राहायचं, संडास नाही, न्हाणी नाही, पाणी नाही. फडात पाळी आली तर कापड बदलायला आडोसा नाही. मग जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, कंबर दुखते. दवाखान्यात गेलं की कोणीतरी म्हणतं, काढून टाका, कटकट मिटेल. बाईलाही वाटतं, पाळी गेली तर खाडा तरी पडणार नाही. ज्या दुखण्याला पाणी, आडोसा, विश्रांती आणि आठवड्याच्या गोळ्या पुरल्या असत्या, त्याच्यासाठी ती अवयव देते. वर शस्त्रक्रियेचा खर्च भागवायला पुन्हा उचल घेते. आणि दहा वर्षांनी, चाळिशीतच, तिला मोळी उचलवत नाही. ज्या कामासाठी पिशवी काढली, तेच काम हातून जातं.

आपल्या बायकांची दुखणी खोटी असतात असं मी म्हणत नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झाली होती ती फक्त आठ जणींची. दुखणं खरंच असतं. वेळेवर तपासणी नाही, साधे उपचार नाहीत, आणि एकदम शेवटचा उपाय, अशी आपली गत आहे.

आता मला एक कबुली द्यायची आहे. माझी पिशवी काढल्यावर पाळीचा त्रास गेला, तेव्हा मीच गावात सांगत फिरले, "काढून टाका, सुटाल." तीन जणींना मी स्वतः त्याच दवाखान्यात घेऊन गेले. त्यांच्यातली एक माझी धाकटी जाऊ. ते साल २००० होतं, तिचं वय ३१. २०१५ मध्ये शेतात कापसाचं गाठोडं उचलताना तिच्या पाठीत कट्ट आवाज झाला. मणका दबला होता. तेव्हा ती ४६ वर्षांची होती, बाईची पाळी आपोआप जाते त्या वयाची. आज ती कमरेत वाकून चालते. हे भाषण करू का, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगा ताई. नाव सांगू नका, पण सांगा." तिनं मला कधी दोष दिला नाही. पण भाकरी थापताना ती मध्येच हात कंबरेवर ठेवून थांबते, तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही.

मग करायचं काय?

पहिलं, शस्त्रक्रियेआधीचं. पिशवी किंवा बीजकोष कधीच काढू नये, असं मी म्हणत नाही. कॅन्सर आहे, बीजकोषाला पीळ पडून तो निकामी झाला आहे, मोठी धोकादायक गाठ आहे, रक्तस्राव कशानंच थांबत नाही, तेव्हा काढावंच लागतं. ज्यांच्या घरात आई-बहिणींना लहान वयात स्तनाचा किंवा बीजकोषाचा कॅन्सर झाला आहे, त्यांनी तज्ज्ञांचा वेगळा सल्ला घ्यावा. पण पांढरं जाणं, कंबर दुखणं, "पिशवीला सूज" किंवा "पुढे कॅन्सर होईल" ही पिशवी काढण्याची कारणं नाहीत. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची शंका असेल तर त्याची साधी तपासणी असते, ती आधी करा. रक्तस्रावावर गोळ्या आहेत, संप्रेरक असलेली तांबी आहे. अंगात रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्या. आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या, शक्यतो सरकारी रुग्णालयात. धुळ्यात आणि जळगावात दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. नेमका रोग कोणता? दुसरा कोणता उपाय आहे? नाही काढली तर काय होईल? बीजकोष ठेवणार का, नसाल तर का? पाठ करून जा. नवऱ्यालाही पाठ करायला लावा.

दुसरं, हक्काचं. १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित बाई तपासणीसाठी म्हणून भूल देऊन टेबलावर घेतली गेली. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि दोन्ही बीजकोष काढले गेले. ती लढली. समीरा कोहली खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासणीला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायची संमती नाही, आणि शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीनं, जिवावर बेतलेलं नसताना, दुसऱ्या कोणी संमती देऊ शकत नाही. आईच्या सहीनं भागलं नाही. मग नवऱ्याच्या एकट्या सहीनं कसं भागेल? सही तुमची, तीही समजून.

केंद्र सरकारनं २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्यांत जिल्हा पातळीवर देखरेख समितीची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात ती समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे विचारायला आपण जाणार की नाही? बीडमध्ये २०१९ नंतर खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली. बायका बोलल्या, बातम्या आल्या, म्हणून ते झालं.

तिसरं, ज्यांचं आधीच काढलं गेलंय त्यांच्यासाठी. आपण काही संपलेल्या नाही. घरी जाऊन जुना कागद शोधा. नसेल तर दवाखान्यात मागा. तो तुमचा आहे. बीजकोष काढलेत का ते वाचून घ्या. वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात या गोळ्यांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला दिसला आणि जगभर घबराट झाली. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पस्तिशीत बीजकोष गेलेल्या बाईला तो हिशोब लावता येत नाही. तिला, दुसरी अडचण नसेल तर, पाळी आपोआप गेली असती त्या वयापर्यंत हे औषध द्यावं, असंच आज तज्ज्ञ सांगतात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताची गाठ होण्याचा त्रास असेल तर मात्र ते चालत नाही. म्हणून मनानं दुकानातून आणून घेऊ नका.

वय उलटून गेलं असेल तरी करण्यासारखं पुष्कळ आहे. ताक, दूध, तीळ, नागली, शेवग्याचा पाला, राजगिरा हे बाईच्या ताटातही यायला हवं, सगळ्यांचं जेवून उरेल तेवढं नव्हे. रोज चालणं हवं, थोडं ऊन अंगावर हवं. तंबाखू, मिश्री सोडा. वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. न्हाणीतलं शेवाळ घासून काढा, रात्री दिवा हाताशी ठेवा, कारण पडणं टाळलं की मोडणं टळतं. कोरडेपणावर साधं मलम मिळतं, लाज सोडून मागा. आणि नवऱ्यांना मेळाव्याला घेऊन या. हे त्यांनीही ऐकायला हवं.

जाता जाता पुन्हा तो पहिला प्रश्न. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा विचारीन, काय काढलं ते कोणाकोणाला माहीत आहे? तोपर्यंत प्रत्येकीनं आपला कागद वाचून घेतलेला असावा. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या. आणि तुमच्या गल्लीतली एखादी तरुण पोरगी म्हणाली की पिशवी काढायला चाललेय, तर तिला एकटी जाऊ देऊ नका. चार प्रश्न बरोबर घेऊन तिच्यासोबत जा. मी तीन जणींना घेऊन गेले होते, ते प्रश्न न विचारता. तुम्ही तसं करू नका.